21 फेब्रुवारीची एक रात्र : मराठी शाळांच्या सुधारणा कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शाळा सुधारणा कमिटी,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतल्या मराठी शाळा

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण माझ्या हाताखालून गेलेत. नावं घेत नाही. घेतली तर कुणाचा सतराचा पाढा कुठं अडायचा तेही आठवेल आणि पत्र लांबेल. 31 वर्षं सरकारी मराठी शाळांत शिकवलं, त्यातली 22 वर्षं गाईड कॅप्टन म्हणून मुलींची कंपनी, म्हणजे शाळेतल्या गाईडची तुकडी, सांभाळली. मुलांचे ते स्काउट, मुलींच्या त्या गाईड. कंपनी म्हटलं की अजून कुणीतरी विचारतंच, "कसली कंपनी बाई? शेअर काढलाय काय?" आणि कंपनीतल्या सहा ते आठ मुलींच्या गटाची म्होरकी म्हणजे पेट्रोल लीडर. हे नाव तर गावात कधी पचलंच नाही. एका मुलीच्या आजोबांनी मला काळजीनं विचारलं होतं, "आमची नात पंपावर बसणार काय?"

हे पत्र जूनमध्येच लिहिते आहे, कारण आत्ता तुमच्या पहिल्या बैठका लागतील आणि वर्षाचं ठरेल. फेब्रुवारीत सांगायला गेलं की पत्रिका छापून झालेल्या असतात.

मागणं एवढंच आहे. 21 फेब्रुवारी 2027 ला रविवार येतो. त्या रात्री तुमच्या शाळेतल्या गाईड मुलींना शाळेच्याच मैदानात तंबू ठोकून राहू द्या, आणि 22 तारखेची सकाळ त्यांच्या ताब्यात द्या.

ही आठवण मला का झाली ते सांगते. गेल्या 22 फेब्रुवारीला, तोही रविवारच होता, एका शाळेच्या गॅदरिंगचं आमंत्रण आलं. शाळा कुठली ते सांगत नाही, तालुका कुठला तेही नाही. गेटापासून स्टेजपर्यंत दोन रांगांत गाईड मुली उभ्या केलेल्या. निळा ड्रेस, गळ्यात स्कार्फ, हातात झेंडूच्या पाकळ्यांची ताटं. पत्रिकेत वेळ साडेनऊची, पाहुणे आले सव्वाबाराला. एका मुलीच्या स्कार्फचा वॉगल, म्हणजे तो गळ्याशी अडकवायची कडी, हरवला होता, तिनं वेणीचं रबर लावलं होतं. मला बरं वाटलं, अडलं तिथं काहीतरी जुगाड केलं म्हणून. तिला हळूच विचारलं, "आज कुठला दिवस आहे गं?"

"गॅदरिंग, बाई."

डोक्यावर बांबूची कमान होती. गाठी बघितल्या, चौकोनी बांधणी, एकदम घट्ट. कुणी बांधली म्हणून विचारलं तर कळलं, स्काउटच्या पोरांनी. तीच पोरं महिन्यापूर्वी तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेली. मुली गेल्या नव्हत्या. म्हणजे दोघांची वर्गणी सारखी, नियम सारखे, वचनही जवळजवळ सारखंच. पण पोरांनी कमान बांधायची आणि पोरींनी तिच्याखाली ताट धरायचं. मुलींना गाईडमध्ये घालायचं ते पाहुण्यांच्या स्वागताला एकसारख्या पोशाखातल्या पोरी मिळाव्यात म्हणून, असा समज आपल्या भागात घट्ट झालाय. तो मोडायला हवा, म्हणून ही सगळी खटपट.

आता तो दिवस कुठला होता, ते. शाळेत त्याला 'चिंतन दिन' म्हणतात. नाव ऐकूनच झोप येते, मान्य आहे. मुलींना सतरंजीवर बसवायचं, एका सरांनी भाषण करायचं, मुलींनी चिंतन करायचं. माझ्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं.

खरी हकीकत वेगळी आहे. 1926 साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅम्प ईडिथ मेसी इथं देशोदेशींच्या गाईड प्रमुखांची परिषद भरली. तिथं ठरलं की वर्षातून एक दिवस असा असावा, ज्या दिवशी जगभरच्या गाईड मुली एकमेकींची आठवण काढतील. स्काउट चळवळीचा संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल जन्मला 22 फेब्रुवारी 1857 ला आणि त्याची बायको ओलेव्ह, जी पुढं जगातल्या सगळ्या गाईडची प्रमुख झाली, ती जन्मली 22 फेब्रुवारी 1889 ला. नवरा-बायकोचा वाढदिवस एकच, म्हणून तीच तारीख धरली. 1932 साली पोलंडमधल्या परिषदेत बेल्जियमच्या एका प्रतिनिधीनं म्हटलं की वाढदिवस म्हटला की भेट आली. तर प्रत्येक मुलीनं या दिवशी एक पेनी द्यावी आणि त्या पैशातून दुसऱ्या देशातल्या मुलींपर्यंत गाईडचं काम पोचवावं. ओलेव्हबाईंनी मग सगळ्या मुलींना पत्र लिहून ती पेनी मागितली. 1999 मध्ये डब्लिनच्या परिषदेनं नावात 'जागतिक' हा शब्द घातला. आज 150 हून जास्त देशांत हा दिवस पाळतात. कॅम्प मेसीच्या ठरावाला यंदा शंभर वर्षं झाली.

आमच्या कंपनीत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून पेटी केली होती. एकेक रुपया. एका वर्षी 27 मुलींचे 41 रुपये निघाले. जास्तीचे 14 कुणी टाकले ते कधीच कळलं नाही, कारण टाकताना बघायचं नाही असा आमचा नियम होता. ते पैसे जिल्हा असोसिएशनकडे पाठवले. मुली नकाशावर बोट ठेवून विचारत होत्या, "आमचा रुपया कुठं गेला असंल बाई?" भूगोल मी पुष्कळ शिकवला, पण नकाशाला इतकं चिकटून उभ्या राहिलेल्या मुली मला त्याच दिवशी दिसल्या.

एका बैठकीत मला विचारलं गेलं होतं, गोऱ्या साहेबाचा वाढदिवस आपण कशाला करायचा? प्रश्न रास्त आहे. साहेब ब्रिटिश फौजेतला होता आणि इथं हिंदुस्थानात सुरुवातीला ही चळवळ गोऱ्यांच्या मुलांपुरतीच होती. 1911 मध्ये जबलपूरला देशातली पहिली गाईड कंपनी निघाली, तीही त्यांच्याच मुलींसाठी. आपल्या मुलांना दार बंद म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादकडे वेगळे, देशी स्काउट उभे केले. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 ला वेगवेगळ्या संघटना एक होऊन भारत स्काउट्स अँड गाईड्स झाली, आणि 15 ऑगस्ट 1951 ला गाईडची संघटना त्यात मिळाली. म्हणजे आपल्या लोकांनी हे दान म्हणून घेतलेलं नाही, भांडून आपलंसं केलंय.

आणि मुलींनी तर साहेबाशीसुद्धा भांडूनच घेतलं. सप्टेंबर 1909 मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा मेळावा होता. हजारोंनी पोरं आलेली. त्यात काही मुली टोप्या-काठ्या जमवून, कुणी बोलावलं नसताना घुसल्या. विचारलं तर म्हणाल्या, आम्ही मुलींचे स्काउट. साहेबाची पंचाईत झाली. पोरांबरोबर घ्यावं तर लोक बोलणार, हाकलावं तर या जाणार नाहीत. शेवटी त्यानं आपल्या बहिणीला, ॲग्नेसला, पुढं केलं आणि 1910 मध्ये मुलींची वेगळी संघटना निघाली. 'गाईड' हे नाव त्यानं घेतलं ते हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या 'गाईड्स' या पलटणीवरून. थोडक्यात, नावच मुळी सीमाभागातलं आहे. आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही.

आता रात्रीचा प्रश्न, कारण सगळं अडतं ते तिथंच.

पुष्कळ वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यात तीन रात्रींचं शिबिर होतं. मी 14 मुलींची नावं दिली. पालकांच्या सह्या झाल्या, तांदूळ-डाळ गोळा झाली, एका आईनं तर भडंग करून डबा भरून ठेवला. आदल्या दिवशी कमिटीची तातडीची बैठक झाली. मला बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. "बाई, पोरीच्या जातीला रात्रीचं बाहेर कशाला? उद्या काय झालं तर कोण बघणार? पोरांना न्या की." मी म्हटलं, मी आहे, दुसऱ्या शाळेच्या दोन बाई आहेत, पोलीस पाटलांना कळवलंय. ऐकून घेतलं, पण ठराव आधीच लिहून झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला पाच मुली आल्या. नऊ आल्या नाहीत. त्या पाच जणींना घेऊन मी गेले. परत आल्यावर त्या नऊ जणींपैकी एकीनं महिनाभर माझ्याकडे नीट बघितलं नाही. तिला वाटत होतं की तिचं नाव मीच कापलं. समजावून सांगायला हवं होतं, पण कमिटीचं नाव घ्यायचं नाही म्हणून मी गप्प बसले. चूक झाली.

रागानं लिहीत नाही. त्या बैठकीतल्या माणसांची भीती खरी होती आणि लेक असणाऱ्या माणसाला ती असतेच. पण जरा आठवून बघा. वैशाखात बेळगावची शिवजयंती होते, चित्ररथांची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. रथावर जिजाऊ होऊन कोण उभ्या असतात? आपल्याच मुली. नऊवारी, जड दागिने, तोंडावर दिव्यांचा झोत, खाली ढोल-ताशा आणि अख्ख्या गावाची गर्दी. पहाटेपर्यंत हलायचं नाही, कारण देखावा मोडतो. ते आपण कौतुकानं बघतो, फोटो लावतो. यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीला जातो तेव्हा डोंगरावर उघड्यावर चूल मांडून सगळं घर झोपतं, पोरीबाळींसकट. म्हणजे पोरींनी रात्री घराबाहेर राहायला आपली हरकत नाही. रथावर आपण ठरवलेलं करत असतात, यात्रेत चुलीपाशी असतात. तंबूत त्या स्वतःचं काहीतरी ठरवतील, हे आपल्याला अवघड जातं. मला तरी असंच वाटतं. पटलं नाही तर बैठकीत खोडून काढा.

आणि तंबूत त्या करतात तरी काय? माझ्या मुली काय करायच्या ते सांगते. संध्याकाळी पाचला जागा बघायची. पाणी कुठून वाहील, मुंग्यांचं वारूळ कुठं आहे. मग खुंट्या. पहिला तंबू हमखास पडतो, पडू द्यायचा. जेवण मुलींनीच करायचं, तीन दगडांच्या चुलीवर; भात खाली लागला तर लागलेला खायचा. नंतर शेकोटी, गाणी, नकला. नकला बहुतेक माझ्याच असायच्या आणि चांगल्या असायच्या. रात्री दोन-दोन जणींचा पहारा, हातात शिट्टी आणि बॅटरी. पहारा ही खरी गोष्ट. तेरा वर्षांची मुलगी रात्री दीड वाजता जागी आहे आणि झोपलेल्या वीस जणी तिच्या भरवशावर आहेत, असं तिच्या आयुष्यात आधी कधी झालेलं नसतं. घरी तिला आजवर सांभाळलेलं असतं. तिनं कुणाला सांभाळायची वेळ येते ती एकदम लग्नानंतर.

त्या पाच जणींतली एक आता उचगावकडे दिलेली आहे. मागं एकदा रोप लावणीच्या वेळी तिची सासू बांधावरून घसरली, मनगट सुजलं. हिनं ओढणीची त्रिकोणी घडी केली, हात झोळीत अडकवला, मानेमागं रीफ नॉट मारली आणि बस येईपर्यंत त्यांना सावलीत बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी बांधलं? सासूबाई आता गावभर सांगतात. मला मात्र तिनं फोन केला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. तंबूची ढिली दोरी न कापता आखूड करायची ती गाठ कुठली, वाळत घालायची दोरी खाली येते. शीप शँक. नाव विसरली होती, गाठ हाताला आठवत होती.

पैशाचं म्हणाल तर हे शिबिर शाळेच्या मैदानातच आहे, त्यामुळं गाडीभाडं नाही. फेब्रुवारीत शिवारं मोकळी झालेली असतात, बांबू-दोर गावात मिळतात, तंबू नसले तर ताडपत्र्या चालतात. दहावीच्या मुलींना परीक्षेचं ओझं असतं, त्यांना सोडा, आठवी-नववीच्या घ्या. शाळेचं शौचालय त्या रात्री उघडं आणि उजेडाचं हवं, पाणी भरलेलं हवं. हे एकच काम कमिटीनं जातीनं बघावं, कारण मुली शिबिराला येत नाहीत याचं निम्मं कारण हेच असतं आणि तोंडानं कुणी सांगत नाही. कमिटीत निम्म्या बायका असाव्यात असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या असतातही, सहीपुरत्या. या बैठकीला त्यांचे नवरे नकोत, त्या स्वतः येऊ देत. त्यांतल्या चार जणींनी रात्री मैदानात सतरंजी टाकून बसावं. स्वयंपाकात हात घालायचा नाही, एवढं मात्र कबूल करून घ्या; आयांना राहवत नाही.

दुसरं, एका बाईंना गाईड कॅप्टनच्या बेसिक कोर्सला पाठवा. तिथं राहून शिकावं लागतं. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक गेला तर शाळा कशी चालणार, हे मला सांगू नका, मी त्यातूनच आले आहे. पण ओओडी, म्हणजे कामावर धरून सोडायची परवानगी, मिळते, आणि तेवढे दिवस शेजारच्या शाळेनं सांभाळून घेता येतं. शिकलेली बाई नसेल तर मुलींच्या हाती ताटच येणार, कारण ताट धरायला शिकवावं लागत नाही.

बाकी, पाहुण्यांच्या स्वागताला मुली उभ्या करू नका असं मी म्हटलं तर तुम्ही वाईट वाटून घ्याल. उभं करायचंच असेल तर निम्मी पोरं, निम्म्या पोरी, आणि वीस मिनिटांत पाहुणे आले नाहीत तर मुलांनी वर्गात जायचं. पाहुणे वेळेवर यायला लागतील, हा वरचा फायदा.

भाषेचं एक सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी काढेलच. गाईडची प्रार्थना हिंदीत, शिबिरातल्या सूचना कन्नडमध्ये, आमच्या मुली मराठी. मला याचा कधी त्रास झाला नाही. मुली वचन कन्नडमध्येही म्हणायच्या आणि मराठीतही, आणि बैलहोंगल-गोकाककडच्या मुलींबरोबर एका चुलीवर भाकरी भाजताना कोण कुठली हे धुरात दिसत नाही. 21 फेब्रुवारी हा मातृभाषा दिनही असतो. तेव्हा शेकोटीपुढं कन्नड शाळेतल्या मुलींनाही बोलवा. त्यांनी त्यांची गाणी म्हणावीत, आपल्या मुलींनी ओव्या म्हणाव्यात. पलीकडं चंदगड तालुका, तिथंही हाच स्कार्फ आणि हाच डाव्या हाताचा हस्तांदोलनाचा रिवाज. शिनोळीची मुलगी महाराष्ट्राच्या असोसिएशनमध्ये, बाचीची कर्नाटकाच्या, मध्ये जेमतेम रस्ता. निदान त्या दिवशी दोघींनी एकमेकींना पत्र लिहावं. माझ्या कंपनीनं एकदा लिहिलं होतं. उत्तर आलं, आत चिंचेच्या गोळ्या होत्या, त्या पोस्टात वितळून पत्राला चिकटल्या होत्या. मुलींनी पत्र वाचायच्या आधी चाटलं.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून माझ्या मुली नेहमी चकित व्हायच्या. जगातल्या गाईड मुलींची पाच जागतिक केंद्रं. एक स्वित्झर्लंडच्या डोंगरात, एक लंडनला, एक मेक्सिकोत, एक आफ्रिकेत, आणि एक पुण्यात, आळंदी रोडवर. नाव 'संगम'. 1966 च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन करायला ओलेव्हबाई स्वतः आल्या होत्या. कुठकुठल्या देशांतल्या मुली विमानानं येऊन तिथं राहतात. बेळगावहून हायवेनं एका रात्रीची बस. आपल्या मुलीला कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बसचं तिकीट लागत नाही, पुण्याला मात्र लागेल. तेवढं गावातल्या एखाद्या गणेश मंडळानं काढायला हरकत नसावी. डॉल्बीचा एका तासाचा खर्च सुद्धा होणार नाही. पण तो पुढच्या वर्षीचा विषय, आधी मैदानातली रात्र तर होऊ दे.

ज्या कमिटीला जमेल तिनं जुलैच्या आत ठराव करून मुख्याध्यापकांकडे द्यावा. ज्यांच्याकडं कॅप्टन नाही, त्यांच्यापैकी एका शाळेत मी स्वतः येईन. वय झालंय, एका रात्रीत एकच शाळा जमेल. जी आधी कळवेल तिच्याकडं. रविवारी दुपारच्या बसनं येते. दोर आणि शिट्टी माझ्याकडं आहे, बिस्किटाचा डबाही आहे. बांबू तेवढे तुम्ही आदल्या दिवशी तोडून ठेवा, आठ फुटी, बारा तरी लागतील. आणि कमान बांधायची असेल तर राहू द्या, मुली बांधतील.

आपली,
एक निवृत्त गाईड कॅप्टन
बेळगाव तालुका, जून 2026